सुट्टीनंतर वर्गाची घडी बसते कशी? एका जुन्या अभ्यासाचं चिकित्सक वाचन



पेट पास होऊन विषय शोधणाऱ्यांच्या आणि एम.एड.च्या लघुशोधासाठी शीर्षक ठरवणाऱ्यांच्या यादीत एक विषय हमखास सापडतो: 'दीर्घ सुट्टीचा विद्यार्थ्यांच्या संपादणुकीवर होणारा परिणाम'. विषय जवळचा वाटतो, कारण अनुभव सगळ्यांचा आहे. मे महिन्याची सुट्टी संपते, जूनमध्ये प्रवेशोत्सव होतो, फुलं आणि पुस्तकं वाटून होतात, आणि दुसऱ्या दिवसापासून शिक्षक म्हणायला लागतात, 'मुलं सगळं विसरून आली.' दिवाळीनंतर हेच वाक्य पुन्हा ऐकू येतं.

या लेखात मला तुम्हाला एक भेद दाखवायचा आहे. शाळा सुट्टीनंतर पुन्हा सुरू होते तेव्हा संशोधकासमोर दोन वेगळे प्रश्न असतात. पहिला, मुलं काय आणि किती विसरली? दुसरा, वर्गाची घडी पुन्हा बसते कशी, म्हणजे शिक्षक आणि मुलं मिळून शिकण्या-शिकवण्याचा नित्यक्रम परत कसा उभा करतात? पहिल्या प्रश्नावर ढीगभर लिहिलं गेलंय. दुसऱ्यावर मोजकंच, पण त्यातला एक अभ्यास प्रत्येक संशोधन-इच्छुकाने नीट वाचावा असा आहे. तो वाचूया, त्यातल्या उणिवाही बघूया, आणि मग पहिल्या प्रश्नाकडे जाऊया.

टेक्सासमधले पहिले तीन आठवडे

एडमंड एमर, कॅरोलिन एव्हर्टसन आणि लिंडा अँडरसन हे तिघं अमेरिकेत ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या शिक्षक-शिक्षण संशोधन केंद्रात काम करत होते. त्यांचा निबंध १९८० साली 'द एलिमेंटरी स्कूल जर्नल'मध्ये आला. तिसरीला शिकवणारे २७ शिक्षक त्यांनी निवडले आणि शाळा सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या तीन आठवड्यांत त्यांच्या वर्गांत वारंवार निरीक्षक बसवले. निरीक्षकांनी वर्गात काय घडतंय याच्या सविस्तर नोंदी केल्या. पुढे वर्षभरही अधूनमधून निरीक्षण चालू राहिलं.

त्यानंतरची पायरी महत्त्वाची आहे. वर्षाच्या उरलेल्या काळातल्या माहितीवरून त्यांनी दोन गट काढले: वर्ग उत्तम सांभाळणारे सात शिक्षक आणि त्यात कमी पडणारे सात शिक्षक. दोन्ही गटांतली मुलं अभ्यासात सुरुवातीला साधारण सारखी असतील अशी काळजी घेतली. मग मागे जाऊन पहिल्या तीन आठवड्यांच्या नोंदी उघडल्या आणि विचारलं, या दोन गटांनी सुरुवात वेगळी केली होती का?

निष्कर्ष थोडक्यात असा. नियम दोन्ही गटांकडे होते. फरक होता तो नियम शिकवण्यात. पहिल्या गटातले शिक्षक पाणी प्यायला कधी जायचं, काम संपल्यावर काय करायचं, शिक्षकांचं लक्ष हवं असेल तर काय करायचं, अशा बारीकसारीक गोष्टी धड्यासारख्या शिकवत होते. समजावून सांगत, करून घेत, चुकलं की लगेच दुरुस्त करत. सुरुवातीच्या दिवसांत ते मुलांवर बारीक नजर ठेवून होते. दुसऱ्या गटात नियम सांगून झाले की विषय संपत असे.

याच्या दहा वर्षं आधी, १९७० साली, जेकब कुनिन या मानसशास्त्रज्ञाने वर्गाच्या शिस्तीवर एक पुस्तक लिहिलं होतं. गडबड झाल्यावर शिक्षक काय करतात यावरून चांगले आणि कमी पडणारे शिक्षक वेगळे ओळखता येत नाहीत, गडबड होऊच नये म्हणून आधी काय करतात यावरून येतात, असं त्यात दाखवलं होतं. टेक्सासच्या गटाने तोच धागा धरला आणि 'आधी' म्हणजे नेमकं कधी, हे कॅलेंडरवर बोट ठेवून सांगायचा प्रयत्न केला.

या अभ्यासाचं बळ कशात आहे?

एक गोष्ट मला फार आवडते, आणि तुमच्या आराखड्यात ती उचलण्यासारखी आहे. नोंदी आधी झाल्या, गट नंतर पाडले. त्यामुळे पहिल्या आठवड्यात वर्गात बसलेल्या निरीक्षकाला समोरचा शिक्षक पुढे कुठल्या गटात जाणार हे माहीत असणं शक्यच नव्हतं. 'हे चांगले शिक्षक आहेत' असं मनात धरून केलेली निरीक्षणं आपल्याकडच्या प्रबंधांत सर्रास दिसतात. मुख्याध्यापकांना विचारून 'आदर्श' शिक्षक निवडायचे, त्यांच्या वर्गात जाऊन बसायचं, आणि आदर्श गोष्टी टिपून आणायच्या. त्यात जे सापडतं ते आपणच आधी पेरलेलं असतं.

दुसरं, त्यांनी शिक्षकांना प्रश्नावली पाठवून 'तुम्ही पहिल्या दिवशी नियम सांगता का?' असं विचारलं नाही. सगळेच 'हो' म्हणाले असते. सांगणं आणि शिकवणं यातला फरक वर्गात बसूनच दिसतो.

आता उणिवा

पहिली उणीव नमुन्याची. २७ पैकी १४ शिक्षकांची तुलना झाली, मधले १३ बाजूला राहिले. दोन टोकं समोरासमोर ठेवली की फरक ठळक दिसणारच. गृहीतकं शोधायला ही पद्धत चांगली आहे, पण त्यावरून 'सुरुवातीचा परिणाम इतका मोठा असतो' असं मोजमाप सांगता येत नाही. बहुतेक शिक्षक मधल्या पट्ट्यात असतात आणि त्यांच्याविषयी ही तुलना गप्प आहे.

दुसरी कार्यकारणभावाची. जो शिक्षक जानेवारीत वर्ग छान सांभाळतो तो ऑगस्टमध्येही छानच सांभाळत असणार. मग सुरुवातीच्या तीन आठवड्यांमुळे वर्ष चांगलं गेलं, की चांगला शिक्षक दोन्ही वेळा चांगलाच दिसला? या आराखड्यातून याचं उत्तर मिळत नाही. सुरुवात हे कारण असेल किंवा नुसती खूण असेल.

तिसरी 'उत्तम' या शब्दाची. वर्ग सांभाळण्यात उत्तम कोण, हे ठरवताना मुलं कामात किती गुंतलेली दिसतात याला वजन होतं. आता मान खाली घालून पाटीवर बघत बसलेलं मूल शिकतंयच असं नाही, आणि शेजाऱ्याशी हुज्जत घालणारं मूल कदाचित गणितच सोडवत असेल. शांत वर्ग आणि शिकणारा वर्ग एकच, हे गृहीतक दर वेळी तपासून घ्यावं लागतं.

चौथी उणीव आपल्या विषयासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि या निबंधाचा हवाला देणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. अमेरिकेतल्या नेहमीच्या शाळेत दरवर्षी इयत्तेबरोबर शिक्षक बदलतो. म्हणजे त्या तीन आठवड्यांत दोन गोष्टी एकदम घडत होत्या: सुट्टीनंतरचं परतणं आणि अनोळखी माणसांची पहिली ओळख. अभ्यासात या दोन्हींची सरमिसळ आहे. नियम शिकवावे लागले ते मुलं सुट्टीत विसरली म्हणून, की या नव्या बाईंचे नियम त्यांना कधी माहीतच नव्हते म्हणून?

आता आपल्याकडची छोटी जिल्हा परिषद शाळा डोळ्यांसमोर आणा. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीत ६० पर्यंत मुलं असतील तर शिक्षक दोन. म्हणजे एका गुरुजींकडे दोन-तीन इयत्ता, आणि तीच मुलं वर्षानुवर्षं त्यांच्याच समोर. जूनमध्ये तिथे ओळख करून द्यायची गरज फक्त पहिलीच्या मुलांना. बाकीच्यांना घंटा वाजल्यावर काय करायचं हे माहीत असतं, आणि पुष्कळदा तेच धाकट्यांना शिकवतात. अशा वर्गात घडी बसवण्याचं काम शिक्षकाच्या एकट्याच्या अंगावर नसतं. टेक्सासच्या अभ्यासात अशा वर्गाला जागाच नाही. दिवाळीनंतर तर शिक्षक तेच, मुलं तीच, खोली तीच. त्या परतण्याबद्दल हा निबंध काहीच सांगत नाही, आणि तसं सांगितल्याचा दावाही करत नाही. दावा त्याच्या नावावर नंतरचे लोक खपवतात.

पुढचं पाऊल: प्रयोग

टीका करून थांबायचं नसतं, मूळ संशोधकांनी त्यावर काय केलं हेही बघायचं असतं. एव्हर्टसन, एमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली त्याच नियतकालिकात एक प्रयोग मांडला. ४१ शिक्षक घेतले, त्यांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले. एका गटाला शाळा सुरू होण्याआधीच एक मार्गदर्शिका आणि कार्यशाळा मिळाली, ज्यात आधीच्या अभ्यासांतून निघालेल्या सूचना होत्या. दुसऱ्या गटाला सुरुवातीला काही नाही. निरीक्षणात दिसलं की पहिल्या गटातल्या शिक्षकांनी त्या सूचना जास्त अमलात आणल्या आणि त्यांच्या वर्गातली मुलंही कामात जास्त गुंतलेली राहिली.

याने वरची दुसरी उणीव बरीच भरून निघते, कारण आता शिक्षक मुळातच चांगला असण्याचा प्रश्न चिठ्ठ्या टाकून निकालात काढलाय. तिसरी उणीव मात्र तशीच राहते: मुख्य भर वर्तनावरच होता. आणि चौथी पूर्णपणे उभी आहे. तरीही क्रम बघा. आधी वर्गात बसून वर्णन, मग तुलना, मग प्रयोग. आपल्याकडे 'अमुक कार्यक्रमाची परिणामकारकता' अशी शीर्षकं थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतात. वर्गात काय चाललंय याचं वर्णन कुणी केलेलंच नसतं, मग कार्यक्रम कशावर बेतला जातो हा प्रश्नच आहे.

'मुलं विसरली' हे कळलं कसं?

आता लोकप्रिय प्रश्नाकडे येऊ. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली 'रिव्ह्यू ऑफ एज्युकेशनल रिसर्च'मध्ये ३९ अभ्यासांचा आढावा घेतला आणि त्यातल्या १३ अभ्यासांचं सांख्यिकी एकत्रीकरण केलं. उन्हाळी सुट्टीत मुलं सरासरी सुमारे एक महिना मागे जातात, वाचनापेक्षा गणितात जास्त, असं त्यांनी मांडलं. हा 'एक महिना' आता इतक्या ठिकाणी उद्धृत होतो की मूळ निबंध उघडायची गरज कुणाला वाटत नाही.

दुसरा प्रसिद्ध आधार बाल्टिमोरचा. १९८२ साली तिथल्या २० सरकारी शाळांतल्या पहिलीच्या सुमारे ८०० मुलांचा मागोवा घ्यायला सुरुवात झाली. डोरिस एन्टविसल, कार्ल अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी त्यावरून दाखवलं की गरीब आणि सधन मुलांमधलं अंतर मुख्यतः सुट्ट्यांमध्ये वाढतं, शाळेच्या दिवसांत फारसं नाही.

इथे पॉल फॉन हिप्पेल यांनी घेतलेला आक्षेप समजून घ्या, तुमच्या कुठल्याही पूर्व-उत्तर चाचणीला तो लागू होतो. जुन्या अभ्यासांत वर्षाअखेरीस मूल पहिलीची चाचणी द्यायचं आणि सुट्टीनंतर दुसरीची. म्हणजे सुट्टीच्या अलीकडे एक प्रश्नपत्रिका, पलीकडे दुसरी. मे महिन्यात किराणा दुकानातल्या काट्यावर वजन केलं आणि जूनमध्ये दवाखान्यातल्या काट्यावर. आकडा बदलला, तर बदललं कोण? माणूस की काटा? दोन चाचण्यांचे गुण एकाच मोजपट्टीवर आणायच्या जुन्या पद्धती कच्च्या होत्या, आणि अंतर वाढतंय की नाही हे बरचसं त्या मोजपट्टीवर अवलंबून निघालं.

या आक्षेपाचं वजन कशात आहे? फॉन हिप्पेल स्वतः आधी दुसऱ्या बाजूला होते. डग्लस डाउनी आणि बेकेट ब्रो यांच्यासोबत २००४ साली 'अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू'मध्ये त्यांनीच लिहिलं होतं की विषमता शाळेबाहेर, विशेषतः सुट्टीत वाढते आणि शाळा ती आवरून धरते. २०१८ साली त्यांनी, जोसेफ वर्कमन आणि डाउनी यांनी सुधारित मोजपट्टी वापरून तोच प्रश्न पुन्हा तपासला आणि स्वतःच्या निष्कर्षाची अंशतः दुरुस्ती छापली: अंतराचा मोठा भाग मूल शाळेत येण्याआधीच तयार झालेला असतो. २०२३ साली आणखी एका निबंधात तीन आधुनिक चाचण्यांची तुलना झाली, आणि सुट्टीत गुण घटतात की नाही यावर त्या चाचण्यांचं आपसातच जमेना.

यात एक साधा हिशेबाचा भागही आहे. 'सुट्टीआधीची' चाचणी शाळा सुटण्याच्या काही आठवडे आधी होते आणि 'सुट्टीनंतरची' शाळा उघडून काही आठवडे झाल्यावर. म्हणजे जिला आपण सुट्टी म्हणून मोजतो तिच्यात दोन्ही बाजूंनी शाळेचे दिवस घुसलेले असतात. आणि नंतरच्या बाजूचे दिवस कोणते? वर्गाची घडी बसायचे! म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या प्रश्नाच्या आकड्यात न सांगता मिसळून गेलेलं असतं.

आपल्याकडची उडी

महाराष्ट्रात २०२१ साली १ जुलैपासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यास राबवला गेला. तो करोनामुळे मार्च २०२०पासून शाळा बंद राहिल्या म्हणून होता. त्याचा आणि मे महिन्याच्या सुट्टीचा आकारच वेगळा आहे. सहा आठवडे आजोळी जाऊन आलेलं मूल आणि वर्षभराहून अधिक काळ वर्ग न पाहिलेलं मूल यांच्यासाठी एकच औषध चालेल, असं गृहीत धरण्याआधी पुरावा लागेल.

असरच्या आकड्यांचंही तसंच. ग्रामीण भारतात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो त्यांचं प्रमाण २०१८मध्ये २७.३ टक्के होतं, २०२२मध्ये २०.५ टक्के. आकडे गंभीर आहेत, पण २०१८ची तिसरीतली मुलं वेगळी, २०२२ची वेगळी. कुणी काय 'विसरलं' हे त्यातून कळत नाही. न शिकणं आणि शिकलेलं विसरणं या दोन गोष्टी आहेत. तरी सुट्टीवरच्या सिनॉप्सिसच्या प्रस्तावनेत हे आकडे बिनदिक्कत येऊन बसतात.

हा काथ्याकूट कशासाठी, असं कुणी विचारेल. तर किंमत कुठे मोजली जाते ते बघा. 'मुलं विसरतात' हे पक्कं धरलं की पहिल्याच आठवड्यात पूर्वचाचणी येते, मग पेपर तपासणं, गुण भरणं, अहवाल. शिक्षक मोबाइलवर आकडे भरत बसतात आणि मुलं 'शांत बसा' या एकाच सूचनेवर दिवस काढतात. टेक्सासच्या अभ्यासातलं ज्याला बऱ्यापैकी प्रयोगाचा आधार आहे असं म्हणणं हेच, की या दिवसांत शिक्षकाचं लक्ष मुलांवर हवं. म्हणजे डळमळीत पुराव्याच्या प्रश्नासाठी आपण तुलनेने भक्कम पुराव्याच्या प्रश्नाचे दिवस खर्च करतोय. उद्या तुमचा प्रबंधही अशाच एखाद्या चाचणीच्या समर्थनार्थ वापरला जाऊ शकतो, म्हणून आत्ताच सावध असलेलं बरं.

मग तुम्ही काय करू शकता?

एक मोहात पाडणारा आराखडा आधी सांगते, म्हणजे तुम्ही त्यात अडकणार नाही. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनअखेरीच्या सुमारास सुरू होतात. मग वाटतं, एकाच तारखेला दोन्हीकडे चाचणी घेऊ, एकीकडे शाळा सुरू झालेली, दुसरीकडे नाही, फरक निघाला की झालं काम! पण तापमान, शेतीचा हंगाम, स्थलांतर, शाळांचा आकार, सगळंच वेगळं आहे. निघालेला फरक सुट्टीचा आहे हे तुम्ही तोंडी परीक्षेत पटवू शकणार नाही.

त्यापेक्षा दिवाळी बघा. प्रथम सत्राची परीक्षा, मग सुट्टी, मग दुसरं सत्र. शिक्षक आणि मुलं तीच, त्यामुळे ओळखीची सरमिसळ आपोआप बाजूला होते. चार-पाच वर्ग पुरेत. सुट्टीआधी दोन आठवडे आणि नंतर तीन आठवडे वर्गात बसा. परीक्षेचे दिवस मात्र वगळा, त्या दिवसांचा क्रम नेहमीचा नसतो. घंटा झाल्यापासून प्रत्यक्ष शिकवणं सुरू व्हायला किती मिनिटं लागतात? कोणत्या सूचना पुन्हा द्याव्या लागतात आणि कोणत्या न सांगता पाळल्या जातात? बहुवर्ग शाळा असेल तर मोठी मुलं लहानांना काय सांगतात? शिक्षकाला किती वेळा वर्ग सोडून कार्यालयीन कामाला उठावं लागतं? सुट्टीआधी जे टिपाल तेच, त्याच तक्त्यात, सुट्टीनंतर टिपा. काटा बदलू नका.

चार-पाच वर्गांवरून टक्केवारी काढायच्या फंदात पडू नका. १९८०च्या त्या निबंधासारखंच हे वर्णनाचं काम आहे, आणि ते वर्णन म्हणूनच मांडा. गाईडनी 'नमुना लहान आहे' म्हटलं तर त्यांना हे सांगा की आपल्याकडच्या बहुवर्ग शाळेत सुट्टीनंतर घडी कशी बसते याचं तपशीलवार वर्णन हाती आल्याशिवाय कुठलंही मोठं सर्वेक्षण कोणते प्रश्न विचारणार?

दिवाळीची सुट्टी धरायची असेल तर परवानग्यांची पत्रं ऑगस्टमध्येच हातात हवीत. शाळा निवडताना 'उपक्रमशील' म्हणून गाजलेल्या तेवढ्याच घेऊ नका; त्यांची घडी कशी बसते हे अहवालांतून सगळ्यांना माहीत आहे. ज्या शाळेविषयी कुणी काही लिहिलेलं नाही, तिथे आधी जा.